परत गेला होतात का? सोशल वर्कच्या ॲडमिशनचा माझा अनुभव

परवा गावाकडच्या एका मुलीचा फोन आला, ताई मला पण एमएसडब्ल्यू, म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क, करायचंय, फॉर्म कसा भरायचा, इंटरव्ह्यूत काय विचारतात, तुम्ही कसं केलं सगळं. तासभर बोललो तरी निम्मं राहिलंच, आणि जे मुख्य सांगायचं होतं ते तर फोनवर धड सांगताच आलं नाही, म्हणून आता बसून लिहून काढतेय. माझी ॲडमिशन २०१९ ची. तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, म्हणजे टिसची, स्वतःची परीक्षा असायची, टिसनेट. २०२३ पासून सीयूईटी-पीजी, म्हणजे देशभरातल्या बऱ्याच विद्यापीठांची मिळून एकच असलेली परीक्षा, द्यावी लागते, त्यामुळे परीक्षेच्या बाबतीत माझ्या भरवशावर राहू नका, वेबसाइटवर त्या वर्षीचं बघा. बाकीचं मात्र लिहिण्यासारखं आहे.

मी औसा तालुक्यातली. आमचं गाव भूकंपातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि नंतर जी ५२ गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवली त्यातलं एक. माझा जन्म त्याच्या नंतरचा, मी फक्त नवं गाव बघितलंय, सरळ रस्ते आणि एकसारखी घरं, पण आजी शेवटपर्यंत जुन्या गावातच राहत होती म्हणा ना, कारण तिचं प्रत्येक बोलणं "जुन्या गावात" असंच सुरू व्हायचं. दगडाच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद, ते सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. तिची एक आठवण मी लहानपणापासून ऐकत आलेय. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हा रोज कोणीतरी फॉर्म घेऊन यायचं. "किती मेले, किती वाचले, काय काय गेलं, समदं इचारलं, लिवून घेतलं अन् गेले. परत कोन आलं न्हाई." फक्त एक पोरगी होती, मुंबईकडं कॉलेजात शिकणारी, ती आठ-पंधरा दिवसांनी यायची आणि आजीपाशी नुसती बसायची. आजीला तिचं नाव आठवत नव्हतं पण ती भाकरीबरोबर कच्चा कांदा मागून घ्यायची हे आठवत होतं. ती पोरगी नेमकं काय शिकत असेल हा प्रश्न मला बीए होईपर्यंत पडला नाही.

बीए लातूरला केलं, समाजशास्त्र. लातूर म्हणजे माहितीच आहे, अकरावी-बारावीच्या क्लासेसचं गाव, कुठंही जा कोणीही विचारणार नीट का जेईई, आणि बीएवाल्याला विचारणार एमपीएससी का पोलीस भरती. त्याच्या पलीकडे काही शिकायचं असतं हे सांगणारं कोणीच नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथंच रूम करून राहत होते, दोन घागरींसाठी टँकरपाशी रात्री अकराला उभं राहिलेय, आणि त्याच वेळी एका संस्थेनं पाणीवाटपाच्या याद्या करायला कॉलेजची पोरं घेतली त्यात मी गेले. तिथनं सुरुवात झाली. बीए झाल्यावर त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या एका संस्थेत लागले, गावागावात किशोरी गट घ्यायचे, सात हजार मानधन, एसटीचा पास वेगळा. काम मला मनापासून आवडायचं. पण वरच्या प्रत्येक पोस्टच्या जाहिरातीत एमएसडब्ल्यू आवश्यक असं लिहिलेलं असायचं आणि खरं सांगायचं तर डिग्रीचा विचार पहिल्यांदा त्या ओळीमुळेच डोक्यात आला. यात मला लाजण्यासारखं काही वाटत नाही. पगार वाढावा म्हणून शिकायचं हे पण कारणच आहे.

घरी सांगितलं तर आप्पा गप्प बसले, माय म्हणाली शिक की. मावशी मात्र म्हणाली, "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागतीय गं, ज्याला करायची त्यो करतोच की." हा प्रश्न मला नंतरही कितीतरी लोकांनी विचारला. तेव्हा उत्तर नव्हतं. आमच्या संस्थेत एक सिनियर ताई होत्या, त्यांनी एमएसडब्ल्यू केलेलं, त्यांनी समजावून सांगितलं की यात एका माणसाबरोबर किंवा एका कुटुंबाबरोबर काम कसं करायचं, गटाबरोबर कसं, आख्ख्या वस्तीबरोबर कसं, हे वेगवेगळं शिकवतात, आणि दोन वर्षं आठवड्यातले काही दिवस फील्डवर्क असतं, त्याचा रिपोर्ट लिहायचा आणि तो घेऊन सुपरवायझरसमोर बसायचं, ते विचारणार तू असं का बोललीस, तिथं गप्प का बसलीस. म्हणजे चांगलं मन आहे म्हणून सोडून देत नाहीत. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा आतून वाटलं की हे आपल्याला पाहिजे.

आता गटातल्या एका मुलीबद्दल सांगते, कारण ॲडमिशनची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. तिचं आणि तिच्या गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या किशोरी गटात होती, नववीत, पंधरा वर्षांची, गणितात हुशार आणि बोलायला लाजरी. २०१८ च्या मे महिन्यात गटातल्या दुसऱ्या पोरीनं मला हळूच सांगितलं की तिचं लग्न ठरलंय, परवा हळद. मी रात्रभर तळमळत होते आणि सकाळी एसटी स्टँडवरून १०९८ ला फोन केला. चाइल्डलाइनचा नंबर, लहान मुलांसाठी, फ्री असतो. पुढं सगळं भराभर झालं. तेव्हा ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असायचा, त्यामुळे ग्रामसेवक आले, पोलीस आले, मांडवाची मेढ रोवलेली होती ती तशीच, आई-बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं की अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही, आणि सगळे निघून गेले. आमच्या मासिक रिपोर्टमध्ये मी एक ओळ लिहिली, बालविवाह रोखला, संख्या एक. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. त्या गावातला गट नंतर बंद पडला, बाया पोरींना पाठवेनात, आणि मला दुसरी गावं दिली.

टिसचा फॉर्म त्याच वर्षी दिवाळीनंतर भरला. मुंबईचा कॅम्पस देवनारला आहे, तिथं तेव्हा सोशल वर्कमध्येच बरेच वेगवेगळे प्रोग्राम होते, मेंटल हेल्थ, डिसेबिलिटी, क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस, दलित अँड ट्रायबल स्टडीज, पब्लिक हेल्थ, विमेन सेंटर्ड प्रॅक्टिस वगैरे. मी चिल्ड्रन अँड फॅमिलीज भरला, आणि दुसरा तुळजापूर कॅम्पसचा रूरल डेव्हलपमेंटचा. इथं एक सांगून ठेवते, टिसमध्ये डिग्रीचं नाव एम.ए. सोशल वर्क असं असतं, एमएसडब्ल्यू नाही, आमच्याकडे त्यावरून आप्पांना चारजणांनी घाबरवलं होतं की ही डिग्री वेगळी आहे. तसं काही नाही. आणि फक्त टिसवर अवलंबून राहू नका. मुंबईत निर्मला निकेतन आहे, १९५५ पासूनचं, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, १९६३ ची, नागपूरला कॉलेजं आहेत, कोल्हापूर-सोलापूरला पण एमएसडब्ल्यू होतं. मी पुण्यातल्या एका कॉलेजचा फॉर्म आणून ठेवला होता.

सिनियर ताईंनी सांगितलं, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच असतो की सोशल वर्क का, त्यामुळे आधी कागदावर लिही, दोन पानं. मी लिहिलं. भूकंपापासून सुरुवात, मग दुष्काळ, मग मला समाजासाठी काहीतरी करायचंय, वंचितांचा आवाज बनायचंय, शेवटी सावित्रीबाई. ताईंनी वाचलं आणि पेन्सिलनं काही वाक्यांखाली रेघा मारल्या. म्हणाल्या, या रेघा मारलेल्या ओळी तू काढून टाक, त्या कोणाच्याही फॉर्ममध्ये चालतील. काढल्यावर राहिल्या किती, तर मोजून सहा ओळी. त्यात आजीची ती कांदा खाणारी पोरगी होती, टँकरची रात्र होती, आणि बालविवाह थांबवला ते होतं. ताई म्हणाल्या आता या तीनच गोष्टी लिही, आणि प्रत्येकीत तुला काय जमलं नाही ते पण लिही. मला वाईट वाटलं होतं त्या दिवशी. आता मी स्वतः दुसऱ्यांना हेच सांगते.

पहिल्या दोन गोष्टी जमल्या. तिसरीत काय जमलं नाही हे मात्र मला सुचेचना. लग्न तर थांबलं होतं.

परीक्षा जानेवारी २०१९ मध्ये पुण्याला दिली. कॉम्प्युटरवर, शंभर मिनिटांत शंभर प्रश्न, त्यात जनरल नॉलेज चाळीस, इंग्रजी तीस आणि गणित-लॉजिकचे तीस, निगेटिव्ह मार्किंग नव्हतं म्हणून एकही सोडला नाही. इंग्रजीची भीती होती. त्यासाठी मी तीन महिने एकच केलं, इंग्रजी पेपरातली रोज एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि मग पेपर मिटून तीच बातमी पाच ओळींत इंग्रजीत लिहायची. व्याकरण चुकलं तरी चालेल. गणित तर दहावीपर्यंतचंच असतं. जास्त सांगण्यासारखं नाही, परीक्षा ही यातली सगळ्यात सोपी पायरी होती.

त्याहून जास्त दमवलं कागदपत्रांनी. मी ओबीसी, माझ्याकडे जातीचा दाखला होता, नॉन-क्रिमिलेयर होतं, व्हॅलिडिटी होती, मला वाटलं झालं. मग लक्षात आलं की केंद्राच्या नमुन्यातला ओबीसीचा दाखला वेगळा असतो आणि टिसला तोच लागतो, राज्याचा चालत नाही. सेतूमध्ये गेले तर पहिल्या दिवशी सांगितलं असा काही नमुनाच नसतो, दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत, तिसऱ्या दिवशी नमुना मीच प्रिंट काढून नेला तेव्हा घेतला. असे पाच हेलपाटे, गाव ते तालुका. शिवाय आमचं विद्यापीठ नांदेडचं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा, तिथनं मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायचा दाखला, आणायचं ते वेगळं. ज्यांना पुढच्या वर्षी फॉर्म भरायचाय त्यांनी हे दाखले दिवाळीच्या सुट्टीतच मागायला टाका, अगदी मनापासून सांगते, कारण निकाल लागल्यावर हातात दिवस नसतात आणि मी माझ्यासमोर एका मुलीला निव्वळ दाखल्यापायी ओपनमधून अर्ज करायला लागलेलं बघितलंय. ती रडत होती आणि रांगेतलं कोणी काही करू शकत नव्हतं.

शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं त्या दिवशी मी फील्डवर होते. नेट नव्हतं, एका शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून बघितलं.

इंटरव्ह्यूच्या तयारीला टिसबद्दल वाचायला घेतलं. ही संस्था १९३६ ला सुरू झाली, तेव्हा नाव होतं सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, आणि पहिले डायरेक्टर क्लिफर्ड मॅनशार्ट, जे मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करायचे. हे पाठ करत होते, आणि मग पुढं वाचता वाचता एका ओळीवर थांबले. चाइल्डलाइन, १०९८, ही १९९६ मध्ये टिसचा फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट, म्हणजे संस्थेनं प्रत्यक्ष लोकांत जाऊन चालवलेलं काम, म्हणून सुरू झाली. पोलीस स्टेशनमध्ये बायकांसाठी असतो तो स्पेशल सेल, तो पण टिसनंच १९८४ ला मुंबईत सुरू केलेला. म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून मी जो नंबर फिरवला तो कोणीतरी विचार करून, वस्तीत आणि रस्त्यावर राबून उभा केलेला होता. मला फार आनंद झाला वाचून. मी ठरवलं इंटरव्ह्यूत हेच सांगायचं, की बघा तुमच्याच इथं सुरू झालेल्या नंबरावर मी फोन केला आणि एक लग्न थांबवलं.

मार्चमध्ये गेले. रात्रीची लातूर-मुंबई एक्सप्रेस, सोबत आप्पा, मायनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सीएसएमटीला उतरून हार्बर लाइननं गोवंडी, तिथनं देवनार डेपोच्या समोर कॅम्पस. आप्पा गेटपाशीच थांबले, आत या म्हटलं तर म्हणाले नको, तू जा, मी इथं सावलीत बसतो. ते तिथं फाइल मांडीवर घेऊन बसले, झेरॉक्सची दुसरी फाइल, हरवली तर असावी म्हणून त्यांनी स्वतः करून आणलेली.

आधी लेखी पेपर झाला. मी दुष्काळावर लिहिलं. सरकारनं आदल्या ऑक्टोबरमध्येच १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि आमच्याकडे शेजारच्या बीडमध्ये चारा छावण्या लागलेल्या. छावणीत जनावरांना चारा मिळतो पण जनावरांबरोबर घरातलं कोणीतरी राहायला लागतं, मग पोरींची शाळा बुडते, घरी पाणी भरायला कोण, हे सगळं एकात एक कसं अडकलंय ते लिहिलं. साध्या इंग्रजीत, छोटी छोटी वाक्यं. शेजारचा मुलगा पुरवणीवर पुरवणी मागत होता, मी दीड पानावर थांबले.

मग इंटरव्ह्यू. एक मॅडम, एक सर. मी इंग्रजीत सुरू केलं, दोन मिनिटांनी अडखळले तर सर म्हणाले हिंदीत बोललात तरी चालेल, आणि मॅडम मराठीत म्हणाल्या, "मराठीतही बोला, मी समजावून सांगेन सरांना." माझ्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. मग विचारलं, भीक मागण्याविरुद्धचा कायदा माहितीय का. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टानं दिल्लीपुरतं त्या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केलेली, कायदा मूळचा १९५९ चा आपल्या मुंबई राज्याचा, हे मी वाचलेलं होतं, सांगितलं. तुमचं मत काय म्हणाले. मी म्हटलं सर आमच्याकडे दुष्काळात शेतकरी मुंबईला येऊन पुलाखाली राहतो, तो गुन्हेगार कसा. बरं वाटलं त्यांना असं दिसलं.

आणि मग मी माझी गोष्ट सांगितली. फोन, ग्रामसेवक, पोलीस, हमीपत्र. १९९६ पण सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग ती मुलगी आता काय करतेय?"

मी म्हटलं, लग्न झालं नाही मॅडम, थांबलं.

"ते कळलं. ती काय करतेय? दहावीला बसली?"

मला माहीत नव्हतं.

"पोलीस येऊन गेल्यावर त्या रात्री तिच्या घरात काय झालं असेल?"

मी काहीच बोलले नाही.

"परत गेला होतात का?"

नाही मॅडम, म्हटलं. दहा महिने झाले होते. तिथं बसल्या बसल्या मला आजीचा आवाज ऐकू आला, लिवून घेतलं अन् गेले. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मला भीती वाटत होती. गावातले लोक काय म्हणतील याची नाही, ती काय म्हणेल याची." हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते. डोळ्यात पाणी आलं. सरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मॅडम म्हणाल्या, "फोन केलात ते बरोबरच केलंत. त्यात शंका घेऊ नका. मी त्याच्या पुढचं विचारतेय." मग अजून दोन प्रश्न विचारले, काय ते आठवत नाही, आणि बाहेर आले.

आप्पांनी विचारलं कसा गेला. मी म्हटलं गेला नाही. ते काही बोलले नाहीत, समोरच्या गाड्यावरून दोन चहा आणले.

त्या रात्री परतीच्या गाडीत मी ती दोन पानं काढून वाचली आणि तिसऱ्या गोष्टीत काय लिहायचं राहिलं होतं ते मला कळलं. मी लग्नाचं काम केलं होतं. मुलीचं केलं नव्हतं. तिला आधी विचारलंही नव्हतं, की मी फोन करतेय, तुला चालेल का, नंतर तुझ्यासोबत घरात कोण असेल, तुझा मामा कसा आहे, आजी कशी आहे, कोणाला धरून राहशील. वेळ नव्हता हे खरंच, परवा हळद होती. पण नंतर दहा महिने तर होते.

आठवड्याभरातच गेले तिच्या गावाला. रविवारी मुद्दाम, ऑफिसचं काम म्हणून नाही. घराच्या दारात तिची आई ज्वारी निवडत बसली होती, मला बघून मान खाली घातली आणि सूप हलवत राहिली. मी पण तिथंच खाली बसले आणि निवडायला लागले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ती स्वतःच म्हणाली, "दोन एकरावर कर्ज काढलं होतं मांडवासाठी. नवरदेवाकडच्यांना दिलेलं तसंच गेलं." मी ऐकत राहिले. हे आकडे माझ्या रिपोर्टमध्ये कुठंच नव्हते. मुलगी शेतातून आली तेव्हा उन्हं उतरली होती, डोक्यावर गवताचा भारा, उंच झालेली. शाळा बंद केली होती तिची, पोलीस घरी आलेली पोरगी म्हणून वर्गात पोरं बोलायची आणि घरच्यांनी पण मग पाठवलं नाही. मला बघून आधी ओळखच दिली नाही. भारा टाकला, हातपाय धुतले, आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "ताई, तुमी फोन केलाव ते मला म्हाईत हाय. बरं केलाव. पर येकडाव तरी यायचं व्हतं." मी म्हटलं हो गं, यायचं होतं. चुकलं माझं. एवढंच बोलणं झालं त्या दिवशी.

तुळजापूरचा इंटरव्ह्यू त्यानंतर झाला. तो छोटा झाला, पण तिथं मला सोशल वर्क का हे विचारलं तेव्हा मी ज्वारी निवडण्यापासून सुरुवात केली.

निकाल मे महिन्यात लागला, मुंबईला वेटिंग आणि तुळजापूरला सिलेक्शन. वेटिंग पुढं सरकलं नाही. दोन दिवस मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, देवनारचं ते झाडांचं कॅम्पस डोळ्यासमोरून जात नव्हतं. पण तुळजापूर म्हणजे आमचाच मुलूख, तिथली भाषा माझी, दुष्काळ माझा, आणि कोणाच्याही घरी जाऊन चुलीपाशी बसायला मला दुभाष्या लागणार नव्हता. आता विचारलं तर मी म्हणेन, मराठवाड्यातल्या मुलींनो, तुळजापूर दोन नंबरला टाकू नका, पहिल्या नंबरला टाका.

पैशाचं सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. पहिल्या हप्त्याला आमच्याकडे पैसे नव्हते. मायनं तिच्या बचत गटातून वीस हजार उचलले, शेकडा दोननं, आणि उरलेले माझ्या मानधनातले साठवलेले. स्कॉलरशिपचा फॉर्म भरला पण स्कॉलरशिपचे पैसे फीच्या तारखेला कधीच येत नाहीत, ते नंतर येतात, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांची सोय स्वतः करून ठेवा. गटातल्या बाया मला निघताना भेटायला आल्या होत्या. एकीनं हातात पन्नास रुपये आणि नारळ दिला, म्हणाली देवीला माझं पण डोकं टेकव.

हॉस्टेलला गेल्यावर पहिला महिनाभर इंग्रजी लेक्चरमधून शब्द पकडण्यात गेला. फील्डवर्कचा पहिला रिपोर्ट सुपरवायझर सरांनी परत दिला, समासात एकच प्रश्न लिहिलेला, पुढच्या भेटीची तारीख?

त्या मुलीकडे मी दर महिन्याला जात राहिले, तुळजापूरहून एसटी बदलत. तिसऱ्या की चौथ्या भेटीत तिच्या आईनं स्वतः विचारलं, हिला दहावी बाहेरून करता येती का. सतरा नंबरचा फॉर्म असतो ना, खाजगी विद्यार्थ्यांचा, तो. शाळा सोडल्याचा दाखला काढायला मी आणि ती दोघी शाळेत गेलो, ती गेटपाशी थबकली, मी म्हटलं थांबूया का, नको म्हणाली, आणि माझ्यापुढं चालायला लागली. फॉर्म तालुक्याच्या नेट कॅफेत भरला. फोटो लागतो म्हटल्यावर शेजारच्या स्टुडिओत गेलो, तिथं फोटोवाल्यानं सांगितलं हनुवटी वर कर, तर तिनं केस कानामागं सारले आणि मला विचारलं, "ताई, तुमच्या फारमवर पण असाच फोटू लावला व्हता?" मी पर्समधनं माझ्या टिसच्या फॉर्मचा उरलेला एक फोटो काढून दाखवला. तिनं तो उलटा करून मागं तारीख बघितली, परत सुलटा केला, आणि म्हणाली, मला देता का. दिला.